पेटंट एजन्सीचा अनुभव: लिखाण झकास, शोध अर्धवट

एका एजन्सीकडून (नाव घेत नाही) आधीच्या पेटंटांचा शोध आणि अर्ज, दोन्ही करून घेतलं. पाचपैकी तीन तारे.

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. हवेतला ओलावा मोजायला क्वार्ट्झ क्रिस्टल वापरतो. बटणाएवढी चकती, दोन्हीकडे सोन्याचा पातळ थर, सेकंदाला ५० लाख कंपनं. तोंडाने नुसतं 'हाऽ' केलं तरी वाफ बसून कंपनं मोजणाऱ्या काउंटरवरचा आकडा घसरतो. एक हर्ट्झ (सेकंदाला एक कंपन) घसरला की चौरस सेंटिमीटरमागे साधारण १७.७ नॅनोग्रॅम वजन चढलं. हे गणित जर्मन शास्त्रज्ञ झाउअरब्राय यांनी १९५९ सालीच मांडलंय, त्यावर आमचा हक्क नाही. आमची डोकेदुखी तापमान. ते हललं तरी आकडा हलतो. म्हणून शेजारी दुसरा क्रिस्टल झाकून ठेवला, म्हणजे त्याला ओलावा लागत नाही, फक्त तापमान कळतं, आणि दोघांतला फरक घेतला.

शोध अहवाल स्पायरल बाइंडिंगचा, शेवटी 'असं कुणी केलेलं आढळलं नाही'. आम्ही पेढे वाटले! मग पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल आला. दोन जुनी पेटंटं शेजारी शेजारी: एकात ओलावा मोजणारा क्रिस्टल, दुसऱ्यात व्हॅक्यूम कोटिंगची जाडी मोजताना तापमानासाठी ठेवलेला झाकलेला जोडीदार. या कामातल्या जाणकाराला दोन्ही एकत्र करणं सहज सुचेल, म्हणून पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए)खाली हरकत. पेटंटं विषयवार वर्गांत लावलेली असतात; एजन्सीने फक्त ओलावा मोजण्याचा 'जी०१एन ५/०२' हा वर्ग चाळला होता. कोटिंगचा 'सी२३सी १४/५४' उघडलाच नव्हता. आमचे क्रिस्टल कोटिंगवाल्यांच्याच पुरवठादाराकडून येतात, हे पहिल्या भेटीत सांगूनसुद्धा.

उत्तर मात्र त्यांच्या मॅडमनी मन लावून लिहिलं. वर्कशॉपला आल्या, क्रिस्टल धरणाऱ्या होल्डरचा स्क्रू स्वतः अर्धा फेरा आवळून बघितला. आकडा सरकल्यावर म्हणाल्या, "मग हे का नाही लिहिलंत?" दोन्ही क्रिस्टल एकाच रबरी रिंगखाली सारखे दाबले जातात, ही आमची खरी युक्ती, आम्हाला ती किरकोळ वाटली होती. आता क्लेम (अर्जातली हक्काची मागणी) तेवढ्यावरच आणलाय. सुनावणी व्हायची आहे.

पुढचा अर्ज लिहायला मॅडमच. शोधाचं काम दुसरीकडे देणार, आणि कुठले वर्ग चाळले ते आधी लेखी मागणार.