बोटीवरच्या कामगारांसाठी घेतलेला दायित्व विमा: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

सातारा जिल्ह्यातल्या बामणोलीच्या धक्क्यावर माझी एक बोट आहे. शिवसागर जलाशयातून वासोटा किल्ल्याकडे जाणारे ट्रेकर आणि सुटीत येणारे पर्यटक यांच्यावर तिचे उत्पन्न चालते. बोट मी स्वतः चालवत नाही. एक चालक कायमचा कामाला आहे आणि शनिवार-रविवारी एक मदतनीस रोजावर येतो. या दोघांसाठी मी नोव्हेंबर 2023 मध्ये दायित्व विमा, म्हणजे कामावर त्यांना इजा झाल्यास माझ्यावर येणारी भरपाई भरून देणारा विमा घेतला, मार्चमध्ये त्यावर दावा करण्याची वेळ आली आणि वर्ष संपल्यावर नूतनीकरणही केले.

त्याआधी माझी ठाम समजूत होती की बोटीचा विमा उतरवला म्हणजे बोटीवरची सगळी माणसे त्यात आली. प्रत्यक्षात प्रवाशांसाठी घेतलेल्या माझ्या दायित्व विम्यात मालकाच्या नोकरीतील व्यक्ती स्पष्टपणे वगळलेल्या होत्या. कामगाराला कामामुळे आणि कामावर असताना इजा झाली, तर मालकाची जबाबदारी नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली येत असे, आणि त्यासाठी मालकाची चूक सिद्ध व्हावी लागत नसे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणत. 30 वर्षांच्या माणसासाठी हा गुणक 207.98 होता, म्हणजे 15,000 रुपये वेतनावर भरपाई 15,59,850 रुपये होत असे. पावसाळ्यात वासोटा बंद असतो, तेव्हा धक्क्यावर बोट नुसती बांधून ठेवावी लागते; अशा धंद्यातून एवढी रक्कम उभी करणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे.

अर्ज भरताना एजंटाने पगार कमी दाखवण्याचा सल्ला दिला, म्हणजे हप्ता कमी बसेल. तो मी मानला नाही आणि आज त्याचे समाधान आहे. चालकाला रोख पगाराबरोबर दोन वेळचे जेवण मिळते, आणि पैशांत मोजता येणारी अशी सोयही त्या कायद्याने वेतनातच धरली जात असे. म्हणून जेवणासह 12,000 रुपये लिहिले आणि मदतनिसाचा वर्षभराचा रोज वेगळा दाखवला. पॉलिसी नावांवर न घेता कामगारांची संख्या आणि एकूण वेतन यांवर घेतली, कारण मदतनीस दर हंगामात बदलतो.

मार्चमधल्या एका शनिवारी वासोट्याहून परत येताना वारा वाढला होता. पाणी खाली गेल्यामुळे बोट नेहमीच्या पायऱ्यांऐवजी उघड्या पडलेल्या खडकाला लावावी लागली. चालक दोर घेऊन खडकावर उतरला, त्याचा पाय चिखलात सरकला, आणि त्याच क्षणी सगळे प्रवासी एका बाजूला उठल्याने बोट हेलकावून त्याचा हात बोटीचा काठ आणि दगड यांच्या मध्ये सापडला. ‘‘आण्णा, मनगट हलंना,’’ एवढेच तो म्हणाला. कासमार्गे साताऱ्याला नेईपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला होता, आणि त्या रस्त्याचे प्रत्येक वळण मला अजून आठवते.

मनगटाचे हाड मोडले होते. तो दीड महिना कामावर येऊ शकला नाही. तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के, म्हणजे 3,000 रुपये याप्रमाणे 9,000 रुपये द्यायचे होते. विमा कंपनीचे पैसे येण्याची वाट न पाहता मी ते त्या त्या तारखेला त्याच्या खात्यात भरले, कारण भरपाई देय झाल्यापासून महिनाभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज आणि प्रसंगी निम्म्या रकमेपर्यंत दंड लागू शकतो, आणि माझ्या पॉलिसीत हे दोन्ही वगळलेले आहे. दवाखान्याचा खर्च 31,400 रुपये झाला. कायद्याप्रमाणे प्रत्यक्ष झालेला सगळा खर्च मालकाने सोसायचा असतो. मात्र वैद्यकीय खर्चासाठी जादा हप्ता भरून मी घेतलेले संरक्षण 25,000 रुपयांपुरतेच होते. वरचे 6,400 रुपये माझे गेले. नूतनीकरणात ही मर्यादा 50,000 केली आहे.

कंपनीने पैसे दिले, पण नऊ आठवड्यांनी. उशिरामागे काही अंशी माझीच ढिलाई होती: पगार रोख दिला जात होता आणि हजेरीवहीत फेब्रुवारीच्या सह्या राहिल्या होत्या. आता पगार बँकेतून जातो. सर्वेक्षकाने चालक मद्याच्या अमलाखाली होता का, हे खोदून विचारले. प्रश्न बोचला, तरी असंबद्ध नव्हता; तशी इजा मद्यपानामुळे झाली असती तर कायद्यानेच ती भरपाईस पात्र ठरली नसती. दवाखान्याच्या केसपेपरवर स्वच्छ नोंद होती, म्हणून विषय तिथेच संपला.

बोटमालकांना आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. दुर्दैवाने कोणी दगावले, तर भरपाईची रक्कम परस्पर घरच्यांच्या हाती देऊ नये. ती अशा भरपाईसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे (1923 च्या कायद्यात आयुक्तांकडे) जमा करावी लागते, अन्यथा दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. तातडीची मदत म्हणून तीन महिन्यांच्या वेतनाएवढी रक्कम मात्र आगाऊ देता येते.

गर्दीच्या दिवशी आम्ही एकमेकांना चालक उसना देतो. 1923 च्या कायद्यात उसना दिलेला कामगार ज्याच्याकडे काम करत असे, तोच त्या काळापुरता मालक ठरत असे, हे मला दाव्याच्या निमित्ताने कळले. त्यामुळे माझा माणूस दुसऱ्याच्या बोटीवर पाठवण्याआधी मी त्या मालकाची पॉलिसी पाहायला मागतो. मागच्या हंगामात दोघांकडे ती नव्हती, आणि त्या दोन्ही दिवशी मी चालक पाठवला नाही.