कथेचं बीज कुठे पेरायचं? बाहेरचा संघर्ष आणि आतला संघर्ष

एक पात्र डोळ्यांसमोर आणा. तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेचा वसुली अधिकारी, वय चाळिशीचं. मार्च एंड आठ दिवसांवर आलाय. थकबाकीदारांच्या यादीत त्याला चौथीत शिकवणाऱ्या गुरुजींचं नाव आहे. सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला मिळालाय, आता जप्तीची नोटीस घेऊन त्यांच्या दारात जायचं आहे.

कथा लिहायला बसलेल्या माणसापुढे इथे दोन वाटा फुटतात. एक अशी: गुरुजींचा मुलगा अंगावर धावून येतो, गावातला पुढारी मध्ये पडतो, चेअरमनचे फोनवर फोन येतात, वसुली झाली नाही तर नोकरी जाणार. दुसरी अशी: कुणीच अडवत नाही. गुरुजी नोटीस घेतात, चष्मा पुसून वाचतात, सही करतात आणि म्हणतात, "ऊन फार आहे रे, जेवून जा." पहिल्या वाटेवर भांडण माणसामाणसांत आहे. दुसरीवर ते एकाच माणसाच्या छातीत आहे.

नव्यानं लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना दुसरी वाट आपोआप वरच्या दर्जाची वाटते. बाहेरचा संघर्ष म्हणजे मारामारी आणि रहस्यकथा, आतला म्हणजे साहित्य, असा समज आपल्याकडे खोल रुजला आहे. मला तो चुकीचा वाटतो, आणि त्यानं चांगल्या लेखकांचं नुकसान केलंय असंही वाटतं. पात्र कसं आकार घेतं, हे पाहायला आपल्याच तीन कादंबऱ्या शेजारी-शेजारी ठेवून बघू.

अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' 1959 सालची. इथे संघर्ष जवळजवळ सगळा बाहेरचा आहे. दुष्काळ, उपासमार, मांगांना जन्मानेच गुन्हेगार समजणारं इंग्रजी राज्य. फकिरा मनात काय घोळवतो यावर अण्णाभाऊ फार थांबत नाहीत. तो काय करतो, ते सांगतात. धान्य लुटतो, वाटतो, खजिन्यावर हात टाकतो. वाचकाला तो कळतो तो कृतीतून. पण शेवटाकडे या. सरकार त्याच्या माणसांना वेठीला धरतं. फकिरा स्वतः हाती लागलेला नसतो. तो आपण होऊन सरकारच्या हवाली होतो. हा निर्णय आतला आहे, आणि तो पेलण्याइतका उंच माणूस आधीच्या प्रत्येक पानावरच्या बाहेरच्या दाबानं घडवलेला आहे. आधीची लूट, भूक, पाठलाग काढून टाका. ती शरणागती नुसती हार वाटेल.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' 1963 ची. इथे खलनायकच नाही. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावातून पुण्याला शिकायला येतो आणि शेवटी गावी परततो. त्याला नेमकं काय हवंय, हे त्यालाही धड सांगता येत नाही. आतल्या संघर्षाचं याहून ठळक उदाहरण मराठीत सापडणं कठीण. मात्र एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. ही पोकळी हवेत तरंगत नाही. ती होस्टेलच्या खोल्यांवर, मेसच्या हिशेबांवर, वडिलांच्या पैशांवर, परीक्षांवर येऊन आदळते. धाकट्या बहिणीच्या मृत्यूवर तर ती फुटतेच. 'कोसला'नंतर पांडुरंगच्या बोलण्यातले 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' पुष्कळांनी उचलले. मेसचे हिशेब फार थोड्यांनी उचलले. म्हणून त्या नकला पोकळ निघाल्या.

तिसरी, माझी सर्वांत आवडती, विश्राम बेडेकरांची 'रणांगण', 1939 ची. युरोपातून निघालेली बोट. चक्रधर एका प्रेमात पोळलेला, पुन्हा न गुंतण्याचा निश्चय केलेला. हॅर्टा ही हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडावं लागलेली ज्यू तरुणी. बाहेरचा संघर्ष एवढा प्रचंड की त्यात खंड बुडू शकतो. आतला एवढा लहान की तो एका माणसाच्या हट्टात मावतो. आणि बेडेकरांनी दोन्हींना एकाच घड्याळाला बांधलं: मुंबई बंदर येणार, चक्रधर उतरणार, हॅर्टा बोटीवरच राहणार. चक्रधरच्या मनाचा निर्णय लांबत जातो, पण बोट थांबत नाही. आतल्या संघर्षाला वेग कसा द्यायचा, असं कुणी विचारलं तर मी या बोटीकडे बोट दाखवतो. मनाला मुदत नसते. ती बाहेरून द्यावी लागते.

आता आपल्या टेबलावरच्या कथेबद्दल.

बाहेरचा संघर्ष निवडला तर पान उलटण्याची जबाबदारी घटना घेतात. वाचक विचारत राहतो, पुढे काय? प्रसंग लिहिणं सोपं जातं, कारण दोन माणसांना दोन उलट गोष्टी हव्या असतात आणि ती समोरासमोर उभी असतात. चुका लवकर दिसतात: पुढाऱ्यानं एवढ्यावर माघार का घेतली, हे पहिला वाचकच विचारतो. धोका एकच, पण मोठा. पात्र नुसतं सोसणारं किंवा नुसतं लढणारं होऊन बसतं. त्याच्या जागी दुसरं कुणीही ठेवलं तरी कथा तशीच चालते.

आतला संघर्ष निवडला तर वाचकाचा प्रश्न बदलतो: हा असं का वागतोय? इथे लेखकाला भाषा कमवावी लागते. 'त्याच्या मनात विचारांचं काहूर माजलं' हे वाक्य लिहिलं की समजावं, आपण प्रसंग शोधायचा कंटाळा केला. माझ्या स्वतःच्या खर्ड्यांत अशी वाक्यं मी जिथे जिथे खोडली, तिथे त्या जागी एखादी हालचाल, एखादी वस्तू, एखादं अर्धवट बोलणं सापडलं आणि कथा सुधारली. या प्रकारातल्या चुका उशिरा कळतात. वाचक तक्रार करत नाही, नुसता वाचायचा थांबतो.

एक मधली सोयही आहे, तिच्याकडे दुर्लक्ष होतं. आतला संघर्ष त्याच माणसाच्या तोंडून सांगायलाच हवा असं नाही. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'त गंगाराम शिंप्याच्या हट्टाची गोष्ट त्याची बायको सांगते, मराठवाड्याच्या बोलीत. त्याच्या डोक्यात काय चाललंय हे तिला पुरतं कळत नाही, आणि त्या न कळण्यातच सगळा ताण आहे. वसुली अधिकाऱ्याची गोष्ट त्याच्या बायकोनं सांगितली तर? तिला एवढंच दिसेल की आज यांनी डबा तसाच परत आणला.

लांबीचा विचार थोडक्यात: दिवाळी अंकाच्या आठ-दहा पानांत एक आतला निर्णय छान मावतो, बाहेरच्या तीन आघाड्या मावत नाहीत. कादंबरीत नुसत्या आतल्यावर तीनशे पानं काढायला असामान्य भाषा लागते. एकांकिका लिहीत असाल तर आतल्या संघर्षाला रंगमंचावर दुसरा माणूस द्यावाच लागेल, नाहीतर स्वगतं वाढतात.

ठरत नसेल तर मी दोन प्रश्न विचारतो. पहिला: अडथळा उद्या सकाळी दूर झाला तर पात्राचं काय उरतं? समजा चेअरमननंच सांगितलं, गुरुजींची नोटीस राहू दे. आपला माणूस निवांत घरी जाऊन झोपला, तर कथा बाहेरच्या संघर्षाची आहे. ती तशीच ताठ लिहावी, वर चिंतनाचा मुलामा चढवू नये. त्याला झोप लागली नाही, तर कथा आतली आहे. दुसरा प्रश्न मला जास्त उपयोगी वाटतो: पात्राला एक सोपी पळवाट दिली तर ते ती घेतं का? फकिरा घेत नाही. चक्रधर तर पळवाटेलाच निश्चय म्हणत राहतो. दोघांची सगळी घडण या उत्तरात आहे.

वसुली अधिकाऱ्याची कथा मी आतली लिहीन, पण सुरुवात दारातच करीन. भर दुपार, मोटारसायकल लिंबाखाली, पिशवीत नोटीस. दाराला कुलूप. शेजारीण सांगते, गुरुजी दवाखान्यात गेलेत, येतील तासाभरात. नोटीस दाराला डकवून पंचांच्या सह्या घेऊन निघून जाता येतं. नियमात बसतं. कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. खळीची डबीसुद्धा त्याच्या पिशवीत आहे.

तो ओट्यावर बसतो आणि वाट बघतो.