वापरलेल्या स्की-बुटांपायी १५,८६० रुपये गेले, घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

६,००० आगाऊ, ७,५०० बाकी, वर २,३६० ‘कुरियरची परत मिळणारी अनामत’. एकूण १५,८६० रुपये. वस्तू एकही आली नाही, नंबर बंद. परत मिळणारी अनामत कुणी मागितली की तिथल्या तिथे फोन ठेवा.

मुलगी गुलमर्गला स्कीइंगच्या कोर्सला निघाली होती. जॅकेट, पँट, बूट वर्षातून आठ-दहा दिवस वापरायचे, मग कपाटात. बुटाचं कवच जाड प्लॅस्टिकचं, जॅकेट सगळं कृत्रिम धाग्याचं. दोन वर्षांत मुलीचा पाय वाढणार आणि ते कचऱ्यात जाणार, हे मला पटत नाही. म्हणून वापरलेलं घ्यायचं ठरवलं. तो विचार आजही चुकीचा वाटत नाही. जळगावात असलं सामान हात लावून बघायला कुठे मिळणार? फोटोवरच विसंबावं लागतं. विकणारा म्हणे मनालीचा, दुकान बंद करतोय.

राग येतो तो बुटाच्या फोटोचा. टाचेजवळ आकडा कोरलेला होता, ३१७. स्की-बुटाच्या तळाची लांबी तिथे मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. मुलीच्या पायाचं माप २४.५ सेंटिमीटर, म्हणजे आकडा २८५च्या आसपास हवा. ३१७ हा मोठ्या माणसाचा बूट! मी विचारलं की नाही? विचारलं. “दीदी, फोटो गलत चला गया, आपका माल पैक है.” त्या क्षणी व्यवहार तोडायला हवा होता. पण कोर्सची तारीख तोंडावर आलेली, आगाऊ रक्कम गेलेली, आणि बोलणारा इतका माहीतगार की बकल कसे लावायचे तेही समजावून सांगत होता. बाकी पाठवताना स्क्रीनवर नाव भलतंच आलं. “जीजाजी का खाता है.” खात्यावरचं नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका, मग जीजाजी असो की कोणी.

“शिकलेली बाई कशी फसली” म्हणणाऱ्यांनो, मी पतसंस्थेत हिशेब लिहिते, व्यवहार मला कळतो. समोरचा रोज हेच करतो, आपल्यावर वेळ एकदाच येते.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तक्रार नोंदली. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “ताई, जळगावात बर्फ कुठं पडतो?” आणि मागे हशा. मग म्हणाले, सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणतात, आधी ठाण्याचं पत्र आणा. परत ठाण्यात, तर आरोपी हिमाचलचा, आमची हद्द नाही. गुन्हा हद्दीबाहेरचा असला तरी नोंदवून घ्यावा लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तेच सांगतं. मी कलम सांगितलं तर उत्तर आलं, “मग तपासही तुम्हीच करा.” १५,८६० ही रक्कम त्यांना किरकोळ वाटते. माझा जवळजवळ महिन्याचा पगार आहे तो! तक्रारीचा क्रमांक आणि पैसे गेल्याची पावती जपून ठेवा, प्रत्येक टेबलावर पुन्हा मागतात.

बूट घ्यायचेच तर व्हिडिओ कॉलवर विकणाऱ्याला टाचेचा आकडा मोठ्यानं वाचायला लावा, कवच वाकवून दाखवायला सांगा. जुनं प्लॅस्टिक तडकतं. गुलमर्गला बूट आणि स्की भाड्यानं मिळतात, मुलीनं शेवटी तेच केलं.

तो ३१७चा फोटो आता दुसऱ्या नावानं, २६.५ माप सांगून, ८,००० ला लागलाय. मी तक्रार केली. जाहिरात अजून तशीच आहे.