लिटल जॉय : ड्रमरने काढलेला बँड, आणि काय गोड अल्बम केलाय!

द स्ट्रोक्स या अमेरिकन रॉक बँडचा ड्रमर फॅब्रिझिओ मोरेत्ती, त्याने रॉड्रिगो अमारांते आणि बिंकी शॅपिरोला घेऊन हा बँड काढला, नाव ठेवलं लॉस एंजेलिसच्या एको पार्क भागातल्या एका बारवरून, आणि २००८ ला रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीकडून हा एकच अल्बम आला. ड्रमरचा बँड म्हणजे धडाधड बडवणं असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी तर नक्कीच ऐका, इथे पठ्ठ्या गिटार घेऊन बसलाय आणि ठेका इतका हलका की पाय आपोआप हलतो. मोरेत्तीचा जन्म रिओचा, अमारांते पण ब्राझीलचाच, लॉस हेर्मानोस या तिथल्या बँडवाला, त्यामुळे सगळ्यात ती तिकडची ऊब आहे. बिंकी गाते ती गाणी मला सगळ्यात जास्त आवडतात, काय साधा आवाज आहे यार, कुठे ओढाताण नाही. शेवटचं गाणं पोर्तुगीजमध्ये, शब्द कळले नाहीत तरी भिडतं.

तक्रार एकच, सगळा मिळून अर्धा तास जेमतेम, आणि दुसरा अल्बम केलाच नाही त्यांनी, याचं खरंच वाईट वाटतं. इंडी पॉप आवडत असेल तर डोळे झाकून घ्या, माझ्याकडून पाचपैकी साडेचार.