पत्र्याचा कूलर, तांब्याची मोटर: इतवारीतलं बिनपाटीचं दुकान

माझी नागपूरच्या नंदनवन भागात मेस आहे. जेवणाच्या खोलीसाठी मोठा कूलर हवा होता, तो यंदा इतवारीत लोहाओळीच्या आतल्या गल्लीतून बनवून घेतला. दुकानाला पाटीच नाही, पण मोटर वाइंडिंग कुठे करतात असं तिथे विचारलं की कोणीही दाखवतं.

आधी कूलरबद्दल. जाड जीआय पत्रा, तिन्ही बाजूंना वुडवूलच्या ताट्या, 18 इंची पंखा. सगळं मिळून 10 हजारांच्या आत बसलं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, भर दुपारी पंगत बसते, आतून तव्याची धग येते, तरी शेवटच्या पोट्ट्यापर्यंत गार हवा पोचली. कूलरसाठी नागपूरकराला याहून मोठी परीक्षा नाही.

पण हे लिहायला बसले ती मोटरीमुळे. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त मोटरींत अ‍ॅल्युमिनियमची तार असते आणि जळली की ती मोटरच फेकायची. इथे तांब्याची तार भरतात, तीही गिऱ्हाईकासमोर. माझा कूलर रंगून होईपर्यंत मी बाजूला बसून पाहत होते. कारागिराने जळालेल्या मोटरीतली वेटोळी छिन्नीने कापून काढली. फेरे मोजले, तारेची जाडी पाहिली, दोन्ही वहीत लिहिलं. प्रत्येक खाचेत कागद सारला. नवी तार फर्म्यावर गुंडाळली आणि बोटांनी दाबत दाबत खाचेत बसवली, एक फेराही न सोलता. मग दोऱ्याने बांधून वर वॉर्निश. हे काम शिकायला वर्षं जातात.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, हेही याच गल्लीत वाइंडिंग करायचे. सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांची 1877 ची ती मिल बंद पडली, आज तिथे मॉल आहे. मुलाच्या हाती तरी हुनर असावं म्हणून सासऱ्यांनी त्यांना इथे शिकायला घातलं होतं. 1 एप्रिल 2001 ला सरकारने उरलेल्या 715 वस्तूंच्या आयातीवरची संख्येची बंधनं उठवली, त्याच वर्षी डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. पुढे बाहेरचा स्वस्त माल वाढतच गेला. जुनी मोटर भरायच्या पैशात थोडी भर घातली की नवी कोरी मिळू लागली, मग भरून घेणार कोण? भासरे आता एका अपार्टमेंटमध्ये रात्रीचे चौकीदार आहेत.

आयात बंद करा असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे जेवणारी कितीतरी पोरं विमानतळाजवळच्या मिहान या उद्योग वसाहतीत परदेशी कंपन्यांचं काम करतात, अमेरिकेच्या वेळेने जागतात, त्यांचे डबे मी रात्री भरते. तिकडे कोणाच्या तरी हातून सुटलेलं काम इकडे आलं, त्यावर माझी चूल पेटते. पण मिहानची नोकरी भासऱ्यांना नाही मिळाली. पन्नाशीच्या माणसाला तिथे कोण बसवतं? स्वस्ताईचा फायदा गावभर थोडा थोडा वाटला गेला आणि फटका मोजक्या घरांना बसला, तोही पुरता. व्यापारामुळे काम गेलेल्या कामगारांसाठी अमेरिकेने 1962 मध्येच वेगळी मदत योजना काढली. आमच्या गल्लीतल्या माणसांना कोणी नवं काम शिकवायला आलं नाही, याचा मला आजही राग आहे.

2019 मध्ये भारताने चीन असलेल्या आरसेप या मोठ्या व्यापार करारात जायचं नाकारलं, तरी चीनचा माल येतोच आहे. याच कूलरमधला पंप चिनी आहे. ते दुकानदाराने न विचारता सांगितलं, देशी पंप घातला तर किती वाढतील तेही सांगितलं. असा खरा माणूस मला शोरूममध्ये भेटला नाही.

आता उणिवा. आवाज आहे, फोनवर बोलायचं तर बाहेर जावं लागतं. खाली चाकं नाहीत. पत्रा गंजू नये म्हणून दरवर्षी आतून रंग द्यावा लागेल. घरपोच देत नाहीत, ठेला आपणच करायचा. होळीनंतर गेलात तर गर्दीत पंधरवडा थांबावं लागेल, म्हणून फेब्रुवारीतच सांगून ठेवा. घरी कूलर असेल आणि नुसती मोटर जळली असेल, तरी नवी घेण्याआधी इथे नेऊन दाखवा. भरण्यासारखी नसेल तर ते तसं तोंडावर सांगतात.

पाचपैकी साडेचार.