मिशिगनचा वसंतातला सराव सामना : चेंडू सोडून आम्ही काय पाहिले

अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावी, मिशिगन विद्यापीठाच्या मिशिगन स्टेडियमच्या दारातून आत पाऊल टाकले, की पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. माणूस थेट एका प्रचंड वाडग्याच्या काठावर येऊन उभा राहतो आणि सगळे मैदान त्याला पायांखाली, खोल उतरलेले दिसते. १९२७ साली उघडलेल्या या स्टेडियमचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग जमिनीच्या पातळीखाली आहे, त्यामुळे बाहेरच्या रस्त्यावरून त्याच्या आकाराचा पुरता अंदाज येत नाही. १९ एप्रिल २०२५ च्या शनिवारी कोल्हापूरहून आलेले माझे वडील, आप्पा, त्या काठावर थबकले, समोरची १,०७,६०१ माणसांची जागा डोळ्यांनी एकदा मोजल्यासारखी केली आणि म्हणाले, "हे तर खासबागच की रं." शाहू महाराजांनी बांधलेले खासबागचे कुस्ती मैदानही असेच जमिनीत उतरलेले आहे आणि कुठल्याही कोपऱ्यात बसले तरी मधला हौदा स्पष्ट दिसावा, अशीच त्याची रचना आहे. आप्पांच्या तरुणपणीचे कितीतरी दिवस त्या मैदानाच्या पायऱ्यांवर गेले आहेत. त्यांच्या तोंडून ती तुलना निघाली आणि पुढचे दोन-अडीच तास मी अमेरिकन फुटबॉलचा हा खेळ, जो गेली बारा वर्षे भक्तिभावाने पाहत आलो आहे, त्यांच्या नजरेने पाहिला.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो, पण वसंतात प्रत्येक संघाला पंधरा सराव सत्रांची मुभा असते आणि त्यांतले शेवटचे सत्र अनेक विद्यापीठे लोकांसाठी खुले ठेवतात. एकाच संघाचे दोन भाग करतात. मिशिगनमध्ये एक भाग मक्याच्या पिवळ्या रंगाचा, दुसरा निळ्या रंगाचा. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. हंगामातल्या तिकिटांचे दर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना चार माणसांच्या कुटुंबासाठी याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. आप्पांना मी हे सगळे एका वाक्यात सांगितले: तालमीतल्या पैलवानांची आपापसातली जोड. त्यांना लगेच समजले. तालमीतल्या लढतीत कोणी ठेवणीतला डाव काढत नाही, कोणी कोणाचा हात मोडत नाही आणि निकाल कोणी घरी जाऊन सांगत नाही. वस्ताद मात्र कडेला उभा राहून सगळे टिपत असतो. वसंत सामना नेमका तसाच पाहावा लागतो आणि त्याचे परीक्षणही त्याच कसोटीवर करावे लागते.

यंदा ही जोड लोकांसमोर झाली, याचे मला मनापासून समाधान आहे. नेब्रास्कासारख्या मोठ्या परंपरेच्या विद्यापीठाने यंदा नेहमीचा वसंत सामना बंद केला. खेळाडूंना विद्यापीठ बदलण्याची वसंतातली मुदत यंदा १६ ते २५ एप्रिल अशी होती, आणि आपला एखादा नवा, चमकदार मुलगा भर मैदानात चांगला खेळला तर दुसरे विद्यापीठ त्याच्यावर जाळे टाकेल, अशी भीती प्रशिक्षकांना वाटत होती. भीती खोटी नव्हती. तरीही ज्या गावाने आणि राज्याने संघाला पिढ्यान् पिढ्या सांभाळले, त्याला वर्षातून एक दिवस आपली मुले जवळून पाहू देणे, हे विद्यापीठाचे कर्तव्य आहे असे मी मानतो, आणि मिशिगनने ते पाळले.

आता संघाविषयी. २०२३ च्या हंगामात मिशिगनने पंधराच्या पंधरा सामने जिंकले आणि ८ जानेवारी २०२४ रोजी ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला ३४-१३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यानंतर प्रशिक्षक जिम हार्बॉ व्यावसायिक फुटबॉलकडे परतले, शेरॉन मूर मुख्य प्रशिक्षक झाले आणि पुढचा हंगाम आठ विजय व पाच पराभवांवर संपला. त्या आठांमध्ये ओहायो स्टेटवर त्यांच्याच मैदानात मिळवलेला १३-१० असा विजय होता, ज्याची आठवण आमच्या घरात अजून निघते, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी ॲलाबामावर मिळवलेला १९-१३ असा विजयही होता. पण चेंडू हवेतून पुढे फेकण्याच्या बाबतीत हा संघ देशातल्या सर्वांत दुबळ्या संघांपैकी एक ठरला होता. डेव्हिस वॉरन, ॲलेक्स ऑर्जी आणि जॅक टटल असे तीन क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईत चेंडू हाती घेऊन पुढे फेकणारे खेळाडू, एका हंगामात वापरून झाले आणि शेवटच्या सामन्यात वॉरनचा गुडघाही दुखावला.

म्हणूनच त्या दिवशी बहुतेकांचे डोळे ब्राइस अंडरवूडवर होते. हा मुलगा ॲन आर्बरपासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत येणाऱ्या बेलव्हिलचा. यंदा शाळेतून महाविद्यालयात आलेल्या देशभरातल्या खेळाडूंमध्ये त्याला पहिला क्रमांक मिळाला होता. आधी त्याने लुइझियाना स्टेटला शब्द दिला होता. गेल्या नोव्हेंबरमध्ये त्याने मन बदलले आणि घराजवळच राहायचे ठरवले. फ्रेस्नो स्टेटहून आलेला अनुभवी मिकी कीन दुखापतीमुळे खेळला नाही, त्यामुळे अंडरवूडला भरपूर वेळ मैदानावर राहता आले. तेव्हा त्याचे वय सतरा वर्षांचे होते, हे मी मुद्दाम लिहितो, कारण त्याला पाहताना ते विसरायला होत होते.

त्याची एक फेक सगळ्यांच्या लक्षात राहील. क्वार्टरबॅकने चेंडू मागच्या धावपटूच्या हातात दिला, धावपटू दोन पावले पुढे झेपावला, बचावाची माणसे त्याच्यावर तुटून पडायला धावली आणि तेवढ्यात त्याने चेंडू उलटा क्वार्टरबॅककडे टाकला. या हुलकावणीला फ्ली-फ्लिकर म्हणतात. अंडरवूडने तो चेंडू घेऊन, पाय नीट रोवून, लांब फेकला आणि त्यातून ८८ यार्डांचा टचडाउन झाला, म्हणजे चेंडू थेट समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे पोहोचून गुण मिळाले. चेंडू हवेत असताना आमच्या आजूबाजूची सगळी माणसे एकदम उभी राहिली आणि माझी नऊ वर्षांची मुलगी आजोबांच्या खांद्याला धरून बाकावर चढली. त्या क्षणी मीही ओरडलो, हे खरे आहे. पण परीक्षण म्हणून लिहायचे तर सांगायला हवे, की त्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक फेकी दिवसभरात झेलणाऱ्याच्या हाती लागल्या नाहीत. काही त्याच्या घाईने हुकल्या, काही झेलणाऱ्यांनी सोडल्या आणि दोन-तीन वेळा तो एकाच खेळाडूकडे टक लावून राहिल्याने बचावाला सगळे आधीच कळले. या चुका वयाच्या आहेत, हाताच्या नाहीत. त्याच्या हातातून चेंडू सुटतो तेव्हा त्याला पूर्ण अंगाचा जोर लावावा लागत नाही. मनगट आणि खांदा यांतूनच चेंडू असा सरळ निघतो, की तो किती वेगात आहे हे झेलणाऱ्याच्या छातीवर आदळल्यावरच कळते.

आप्पांना मात्र या सगळ्यात फारसा रस नव्हता. आम्ही खालच्या रांगांमध्ये, मैदानाच्या टोकाजवळ बसलो होतो, म्हणजे दोन्ही ओळी एकमेकींसमोर वाकतात ते दृश्य आम्हाला समोरून दिसत होते. चेंडू चढवणाऱ्या बाजूचे पाच धिप्पाड खेळाडू क्वार्टरबॅकच्या पुढे भिंतीसारखे उभे राहतात. त्यांना चेंडू जवळपास कधीच मिळत नाही आणि टाळ्याही फार क्वचित. आप्पांनी पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्यावर नजर लावली आणि नंतर ती काढलीच नाही. "चेंडू बघू नको," ते मला म्हणाले, "कंबर बघ. ज्याची कंबर वर गेली, तो गेला." मी इतकी वर्षे हा खेळ पाहतो आहे, पण असे कधी पाहिले नव्हते. खरोखरच, खेळ सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या क्षणी ज्याचे ढुंगण खाली आणि हात समोरच्याच्या छातीच्या आत, तो समोरच्याला दोन पावले मागे ढकलत होता; आणि जो उंच उठला त्याला, तो कितीही जाडजूड असला तरी, बाजूला फिरवले जात होते. खडाखडीच्या वेळी पैलवान समोरच्याची पकड कशी तोडतो, तसेच हे खेळाडू समोरच्याचे मनगट खालून मारून हात मोकळे करून घेत होते.

त्या पाचांतल्या, मधल्या खेळाडूच्या डावीकडे उभ्या राहणाऱ्या एका गार्डने आप्पांना जिंकून घेतले. त्याच्या दहाही बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि कडेला आल्यावर तो पाणी पिण्याआधी त्या पट्ट्या दातांनी घट्ट करत होता. एकदा त्याला समोरच्या बचावपटूने सरळ आडवे पाडले. पुढच्या खेळीत तोच बचावपटू पुन्हा समोर आला, तेव्हा हा मुलगा चार बोटे अधिक खाली वाकून उभा राहिला, त्याने पहिले पाऊल आखूड टाकले आणि समोरच्याला जागीच रोखून धरले. धावपटू त्याच्या शेजारून सहा-सात यार्ड निघून गेला. धावपटूसाठी टाळ्या पडल्या. आप्पांनी त्या मुलासाठी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "शिकलं बघ पोरगं."

मूर यांचा मूळ पिंडही या ओळीचाच आहे. ते ओक्लाहोमाकडून गार्ड म्हणून खेळले, आणि २०२१ व २०२२ मध्ये, मिशिगनच्या या पाच जणांच्या ओळीचे प्रशिक्षक ते असताना, देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनसाठीचा, म्हणजे अशा ओळीसाठीचा, ‘जो मूर’ नावाचा पुरस्कार सलग दोनदा मिशिगनला मिळाला. म्हणून यंदाची ओळ अजून तेवढी एकजीव दिसली नाही, याची मला काळजी आहे, पण धास्ती नाही. एकाच संघाचे दोन भाग केले की पाच चांगल्या खेळाडूंची ओळही फुटते आणि शेजारी रोज उभा राहणारा माणूस समोरच्या बाजूला जातो. निकाल १७-० असा लागला, म्हणजे एका बाजूला भोपळाही फोडता आला नाही, आणि त्याचे मोठे कारण हेच होते, असे माझे मत आहे. त्या बाजूच्या क्वार्टरबॅकला पायावर उभे राहायला वेळच मिळत नव्हता.

बचावाच्या बाजूने मात्र एक प्रश्न असा आहे, ज्याचे उत्तर या सामन्यातून मिळाले नाही. मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे मधले दोन आडदांड गडी आता गेले आहेत; सामन्यानंतर पाच दिवसांनी सुरू झालेल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, पहिल्याच फेरीत ग्रॅहम पाचवा आणि ग्रँट तेरावा निवडला गेला. गेली दोन वर्षे मिशिगनविरुद्ध मधोमध धावणे किती कठीण होते, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या दोघांची किंमत ठाऊक आहे. त्यांच्या जागी आलेले तरुण वेगवान आहेत, चटकन सुटतात, पण एकाच वेळी दोघांना अंगावर घेऊन जागा न सोडण्याचे काम त्यांना जमते का, हे समोर परका संघ आल्याशिवाय कळणार नाही. चढाईचे तेव्हाचे नवे सूत्रधार, नॉर्थ कॅरोलायनाहून आलेले चिप लिंडसी, यांनीही आपले बरेचसे डाव झाकूनच ठेवलेले दिसले. ते फ्ली-फ्लिकर सोडले तर सगळे साधे, पाठ असलेले खेळ होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पहिल्या आठवड्यातल्या प्रतिस्पर्ध्याला एप्रिलमध्येच सगळे दाखवणारा वस्ताद शहाणा म्हणता येणार नाही.

ज्यांना पुढल्या वर्षी जायचे असेल त्यांना माझे सांगणे एवढेच, की वर मधोमध बसण्याचा मोह टाळावा आणि टोकाकडच्या खालच्या रांगा धराव्यात. वरून खेळाचा नकाशा दिसतो, खालून माणसे दिसतात. आणि हंगामात त्या रांगांमधून अशी मोकळी नजर क्वचितच मिळते. आम्ही गेलो तेव्हा पिशव्या आत नेऊ देत नव्हते, म्हणून लहान मूल बरोबर असेल तर त्याचे जॅकेट अंगावरच असू द्यावे. एप्रिलचा वारा त्या वाडग्यात उतरला की बाकावर बसवत नाही.

बाहेर पडताना सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. आप्पा दर दहा पायऱ्यांवर थांबत होते आणि प्रत्येक वेळी मागे वळून मैदानाकडे पाहत होते, जिथे आता मैदानाचे कर्मचारी सामान आवरत होते. पहिला सामना ३० ऑगस्टला न्यू मेक्सिकोविरुद्ध याच मैदानावर आहे आणि दुसरा ६ सप्टेंबरला ओक्लाहोमाच्या मैदानावर, हे मी त्यांना सांगितले. त्यांचे परतीचे तिकीट जूनमधले होते. काठावर पोहोचल्यावर त्यांनी माझ्या मुलीला त्या गार्डच्या पाठीवरचा आकडा कागदावर लिहून ठेवायला सांगितला आणि मला म्हणाले, "ओक्लाहोमात त्याची कंबर खाली राहिली का, तेवढं फोनवर कळव."