पेनड्राइव्हवरील टीव्ही रेकॉर्डिंगसाठी व्हीएलसी प्लेअर: एक परीक्षण

टीव्हीला किंवा सेट-टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह जोडून रेकॉर्ड केलेला कार्यक्रम त्याच टीव्हीवर पाहताना सहसा काही अडत नाही. अडचणी सुरू होतात त्या तोच पेनड्राइव्ह संगणकाला लावल्यावर. कधी फाइलच दिसत नाही, कधी दिसते पण उघडत नाही, कधी आवाज येतो आणि चित्र येत नाही, तर कधी चित्र व्यवस्थित असूनही धावत्या खेळाडूच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा फुटतात. अशा वेळी विचारणाऱ्याला बहुधा एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे व्हीएलसी मीडिया प्लेअर वापरण्याचा. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे, कारण यांपैकी कोणत्या अडचणी हा प्लेअर सोडवतो आणि कोणत्या त्याच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, हे सांगणारा क्वचितच भेटतो. म्हणून या परीक्षणात व्हीएलसीच्या तिसऱ्या मालिकेतील आवृत्तीचा विचार केवळ टीव्ही रेकॉर्डिंग पाहण्याचे साधन एवढ्याच दृष्टीने केला आहे. गाणी, डीव्हीडी किंवा इंटरनेटवरील व्हिडिओ यांसाठी तो कसा आहे, हा वेगळा विषय आहे.

या कामासाठी व्हीएलसीचे मूळ विशेष महत्त्वाचे आहे. १९९६मध्ये पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी व्हिडिओलॅन हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा उपग्रहावरून येणारे टीव्ही प्रसारण महाविद्यालयाच्या संगणक-जाळ्यावरून खोलीखोलीत पोहोचवणे हा त्यामागचा उद्देश होता. पुढे १ फेब्रुवारी २००१ रोजी हे सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुले झाले, आणि आजही ते विनामूल्य व जाहिरातीविना मिळते. म्हणजे प्रसारणाचा कच्चा प्रवाह वाचणे ही व्हीएलसीला नंतर जोडलेली सोय नसून त्याच्या जन्माचे कारणच ते आहे, आणि हा फरक वापरताना जाणवतो.

कच्चा प्रवाह म्हणण्याचे कारण असे की सेट-टॉप बॉक्स रेकॉर्डिंग करताना चित्र नव्याने घडवत नाही. वाहिनीकडून जे बिट आले, तेच तो जवळजवळ जसेच्या तसे फाइलमध्ये उतरवतो. या प्रवाहाला ट्रान्सपोर्ट स्ट्रीम म्हणतात आणि फाइलच्या नावापुढे बहुधा टीएस हे विस्तारनाम असते. हा प्रवाह १८८ बाइटांच्या छोट्या पाकिटांचा बनलेला असतो. त्यात चित्र, एक किंवा अनेक भाषांतील आवाज, उपशीर्षके आणि टेलिटेक्स्ट (टीव्हीवर वाचता येणारी मजकुराची पाने) ही सर्व पाकिटे एकमेकांत मिसळलेली असतात आणि कोणते पाकीट कशाचे, हे सांगणारे तक्ते त्याच प्रवाहात पुन्हा पुन्हा येत राहतात. त्यामुळे रेकॉर्डिंग कार्यक्रमाच्या मध्येच सुरू झाले किंवा वीज जाऊन मध्येच तुटले, तरी फाइल निकामी होत नाही. एमपी४ फाइल अशी अर्धवट राहिली तर ती बहुधा उघडतही नाही. व्हीएलसी अशी तुटकी टीएस फाइल निमूटपणे उघडतो, पहिला तक्ता सापडेपर्यंत क्षणभर थांबतो आणि पुढे चालू लागतो.

मात्र प्लेअरपर्यंत पोहोचण्याआधीच दोन अडथळे असतात, आणि व्हीएलसीविषयीच्या बहुतेक तक्रारी प्रत्यक्षात त्यांच्याबद्दलच्या असतात.

पहिला अडथळा पेनड्राइव्हच्या मांडणीचा. काही टीव्ही रेकॉर्डिंगसाठी पेनड्राइव्ह स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करून घेतात, आणि ती पद्धत अनेकदा लिनक्समधील एक्सएफएससारखी असते. विंडोजला ती वाचता येत नाही, आणि न वाचता येणारी डिस्क दिसताच ती फॉरमॅट करण्याची सूचना विंडोज तत्परतेने पडद्यावर आणते. तेथे होकार दिला की रेकॉर्डिंग गेले. ती सूचना रद्द करून तोच पेनड्राइव्ह लिनक्सच्या संगणकाला लावल्यास, किंवा पेनड्राइव्हवरूनच सुरू होणारे लिनक्स वापरल्यास, फाइली दिसू शकतात. त्या दिसल्या म्हणजे चालतील असे मात्र नाही, कारण दुसरा अडथळा कूटबद्धतेचा आहे.

अनेक टीव्ही संच रेकॉर्डिंग कूटबद्ध करून ठेवतात आणि त्याची किल्ली संचाच्या आतच असते. अशी फाइल दुसऱ्या संगणकावर तर नाहीच, पण त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलच्या दुसऱ्या टीव्हीवरही चालत नाही; मुख्य बोर्ड बदलला, तर खुद्द मूळ टीव्हीवरसुद्धा ती परकी ठरू शकते. येथे व्हीएलसीला दोष देण्यात अर्थ नाही. फाइल या प्रकारची आहे का, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. ट्रान्सपोर्ट स्ट्रीमच्या प्रत्येक पाकिटाचा पहिला बाइट षोडशमान (हेक्स) पद्धतीत ४७ असतो, आणि अक्षररूपात पाहिल्यास तो इंग्रजी 'जी' दिसतो. कोणत्याही हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधील बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फाइल उघडून दर १८८ बाइटांनी 'जी' येतो का, हे पाहावे. एम२टीएस प्रकारच्या फाइलीत प्रत्येक पाकिटाला चार बाइट अधिक जोडलेले असल्याने तो दर १९२ बाइटांनी येतो. असा ठेका कुठेच सापडत नसेल, तर फाइल बहुधा संपूर्ण कूटबद्ध आहे आणि प्लेअर बदलत बसण्यात वेळ घालवू नये. ठेका सापडला तरी सशुल्क वाहिनीचे रेकॉर्डिंग प्रसारणातील मूळ कूटबद्धतेसह उतरलेले असू शकते, कारण तेथे पाकिटाचे शीर्ष उघडे राहते आणि फक्त आतला मजकूर झाकलेला असतो. अशा वेळी फाइल कित्येक गिगाबाइटांची असूनही पडदा काळाच राहतो.

हे दोन्ही अडथळे ओलांडून फाइल व्हीएलसीत उघडली, की त्याची खरी ताकद दिसते. जुन्या वाहिन्यांचे एमपेग-२, एचडी वाहिन्यांचे एच.२६४ आणि नव्या प्रसारणांतील एचईव्हीसी ही तिन्ही प्रकारची चित्रे, तसेच एमपी२, एसी-३ आणि एएसी हे आवाज वाचण्यासाठी लागणारे सर्व काही त्याच्यात अंगभूत आहे. विंडोजसोबत येणाऱ्या प्लेअरला एमपेग-२ आणि एचईव्हीसीसाठी वेगळे विस्तार बसवावे लागू शकतात. व्हीएलसीत हा प्रश्नच उद्भवत नाही. कार्यक्रम दोन भाषांत प्रसारित झाला असेल, तर 'बी' कळ दाबून आवाज बदलता येतो आणि 'व्ही' कळ दाबून उपशीर्षके. एकाच फाइलीत एकाहून अधिक वाहिन्या उतरल्या असतील, तर 'प्लेबॅक' मेनूतील 'प्रोग्रॅम' यादीतून हवी ती निवडता येते. उपशीर्षकांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी: डीव्हीबी या डिजिटल टीव्ही पद्धतीच्या प्रसारणातील उपशीर्षके अक्षरे म्हणून येत नाहीत, ती चित्रे म्हणून येतात, त्यामुळे त्यांचा टंक बदलण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे.

कडांवरच्या आडव्या रेघांचा उपायही व्हीएलसीतच आहे. टीव्ही प्रसारण अजूनही मोठ्या प्रमाणावर इंटरलेस्ड पद्धतीने होते, म्हणजे प्रत्येक क्षणी चित्राच्या एकाआड एक ओळीच पाठवल्या जातात. संगणकाचा पडदा मात्र पूर्ण चित्र एकदम दाखवतो, आणि त्यातून हलत्या वस्तूंच्या कडा फाटतात. 'व्हिडिओ' मेनूत 'डीइंटरलेस' स्वयंचलितवर ठेवून त्याच्या प्रकारांतून 'याडिफ २एक्स' निवडल्यास सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांची ५० पूर्ण चित्रे होतात आणि क्रिकेटचा चेंडू किंवा बातम्यांची सरकती पट्टी टीव्हीवर दिसते तशीच सफाईने सरकते. साध्या 'याडिफ'मध्ये ती २५च होतात आणि हालचाल किंचित अडखळते. जुन्या संगणकावर २एक्स जड जाऊ शकते, एवढाच त्याचा तोटा. माझ्या मते खेळाच्या रेकॉर्डिंगसाठी हा एकच पर्याय व्हीएलसी वापरण्याचे पुरेसे कारण आहे, आणि तो तीन पायऱ्या खोल मेनूत दडवून ठेवणे हे या सॉफ्टवेअरच्या मांडणीतील जुने वैगुण्य आहे.

व्हीएलसी सर्वाधिक उणा पडतो तो रेकॉर्डिंगमध्ये पुढे-मागे उडी मारण्यात. टीएस फाइलीत कोणत्या मिनिटाला कोणता बाइट, हे सांगणारी अनुक्रमणिका नसते. एनिग्मा२ प्रणालीवर चालणारे सेट-टॉप बॉक्स ही उणीव भरून काढण्यासाठी रेकॉर्डिंगसोबत एपी आणि एससी या विस्तारनामांच्या छोट्या फाइली तयार करतात, आणि म्हणूनच बॉक्सवर उडी अचूक बसते. व्हीएलसी त्या फाइलींचा उपयोग करत नाही. तो प्रवाहातील घड्याळाच्या खुणा वाचून एकूण कालावधीचा अंदाज बांधतो. संकेत मध्येच तुटलेला असेल किंवा ते घड्याळ रेकॉर्डिंगच्या दरम्यान शून्यावर आले असेल, तर हा अंदाज साफ चुकतो. हे घड्याळ ३३ बिटांचे असून सेकंदाला ९० हजारांच्या गतीने मोजते, त्यामुळे सुमारे साडेसव्वीस तासांनी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि हा क्षण चित्रपटाच्या मध्यावर येण्याला कोणतीच आडकाठी नसते. मग दोन तासांच्या चित्रपटाचा कालावधी भलताच दिसतो, किंवा सरकपट्टी हलवली की व्हीएलसी शेवटी जाऊन थांबतो. यावरचा उपाय आहे, पण तो पुन्हा खोलवर आहे: सर्व सेटिंग्ज दाखवणाऱ्या दृश्यात डीमक्सर (मिसळलेले प्रवाह वेगळे करणारा भाग) या विभागातील एमपेग-टीएसखाली, वेळेऐवजी टक्केवारीने उडी मारण्याचा पर्याय निवडावा. त्यानंतर मिनिटांचे आकडे फारसे भरवशाचे राहत नाहीत, पण पट्टी जेथे सोडावी तेथे चित्र येते.

चित्र थांबत थांबत चालत असेल, तर लोक पेनड्राइव्हच्या वेगाला दोष देतात. साधा हिशेब केला तर ही शंका बहुधा टिकत नाही. सेकंदाला ८ मेगाबिटांची एचडी वाहिनी म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट; यूएसबी २.०चा नाममात्र वेग ४८० मेगाबिट आहे, आणि अगदी सुमार पेनड्राइव्हही वाचताना याहून कितीतरी वेगाने वाचतो. अडखळण्याचे कारण बहुतेक वेळा प्रसारणातच गहाळ झालेली पाकिटे, झिजलेला पेनड्राइव्ह किंवा दमलेला प्रोसेसर हे असते. फाइल संगणकाच्या डिस्कवर उतरवून पाहिली की पेनड्राइव्हचा प्रश्न लगेच निकाली निघतो. फाइल बफर, म्हणजे आगाऊ वाचून ठेवायचा भाग, वाढवण्याचा पर्याय व्हीएलसीत आहे. तो १,००० मिलिसेकंदांपर्यंत न्यावा, त्यापलीकडे नेऊन विशेष लाभ होत नाही.

याच हिशेबातून फाइलींच्या तुकड्यांचाही उलगडा होतो. वरील वाहिनीचे तासाभराचे रेकॉर्डिंग ३.६ गिगाबाइट होते, आणि फॅट३२ मांडणीत एका फाइलीची मर्यादा जवळपास ४.३ गिगाबाइट आहे. त्यामुळे सव्वा तास होण्याआधीच बॉक्सला नवी फाइल सुरू करावी लागते. व्हीएलसीच्या यादीत सर्व तुकडे ओळीने टाकले तर ते एकामागून एक चालतात, पण प्रत्येक सांध्यावर हलकासा खंड पडतो आणि निवडलेली भाषा कधी कधी पुन्हा निवडावी लागते. ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचे तुकडे एकापुढे एक नुसते चिकटवले तरी चालतात, म्हणून विंडोजच्या कॉपी आज्ञेने बायनरी पद्धतीने ते जोडून घेणे अधिक सोयीचे आहे. मात्र जोडलेली फाइल फॅट३२ पेनड्राइव्हवर परत बसणार नाही, ती संगणकावर किंवा एक्सफॅट मांडणीच्या पेनड्राइव्हवर ठेवावी लागेल.

रेकॉर्डिंग जतन करण्यासाठी मात्र मी व्हीएलसीची शिफारस करणार नाही. त्याच्या 'कन्व्हर्ट' सोयीतील तयार प्रोफाइल चित्र नव्याने घडवतात, म्हणजे वेळही जातो आणि दर्जाही घटतो. त्याचे लाल रेकॉर्ड बटण चालू प्रवाहाचा हवा तो भाग दर्जा न घटवता उतरवते खरे, पण तो भाग पूर्ण होईपर्यंत समोर बसावे लागते. जाहिराती कापायच्या असतील तर एव्हीडेमक्स, आणि संपूर्ण फाइल एमकेव्ही या व्हिडिओ-फाइलच्या प्रकारात हलवायची असेल तर एमकेव्हीटूलनिक्स ही विनामूल्य साधने हेच काम काही मिनिटांत करतात आणि चित्राच्या बिटांना हात लावत नाहीत. अशा एमकेव्ही फाइलीत अनुक्रमणिका तयार होत असल्याने तीच फाइल नंतर व्हीएलसीत उघडली, तर उडीही नेमक्या मिनिटावर बसते.